बारा म्हशींची गिरणी

३ मार्च

ही वही मापं उतरवायला आणली होती. पहिल्या पानावर एका मंडपाचं आणि एका ट्रकच्या ताडपत्रीचं माप आहे. पण आज माझ्या तोंडून असं काही निघून गेलंय की ते कुठेतरी लिहिल्याशिवाय मन थाऱ्यावर येणार नाही.

दुपारी गिरणीवाल्या बाई दुकानात आल्या. नदीवरचा पूल बंद झाल्यापासून डिझेलचा टँकर येत नाही. विजेचा तर भरवसाच नाही. त्यांची गिरणी पाच आठवडे बंद आहे. बायका डोक्यावर दळण घेऊन होडीने पलीकडच्या गावी जातात, अख्खा दिवस मोडतो. बाई म्हणाल्या, "भाऊ, इंजिनला एक कव्हर शिवून द्या. तीस एप्रिलला भंगारवाला येणार आहे, तोवर धूळ बसायला नको."

मी टेप काढला आणि सहज विचारलं, "मग तुम्ही काय करणार?"

"शहरात भावाकडे जाईन. त्याच्या बायकोला मदतीला कुणीतरी हवंच आहे."

आणि मी म्हणालो, "कव्हर कशाला? इंजिन मी चालवून देतो. शेणाच्या गॅसवर."

हे मी का म्हणालो? मला इंजिनातलं काही कळत नाही. चार वर्षांपूर्वी एका शेतकी प्रदर्शनाचा मंडप बांधायला गेलो होतो, तिथे गॅसने फुगलेली एक ताडपत्रीची पिशवी पाहिली होती, एवढंच माझं ज्ञान.  बाईंच्या डाव्या भुवईवर पिठाचा एक ठिपका होता. गिरणी बंद होऊन पाच आठवडे झाले, तरी तो ठिपका तिथे कसा, हे मला समजलं नाही.

"बघा," म्हणाल्या. "तीस तारखेपर्यंत."

ताई आतून सगळं ऐकत होती. ताई माझी थोरली बहीण. काजं-बटणं ती करते, शिवाय मला शहाणपणही तीच शिकवते. बाई गेल्यावर ती म्हणाली, "सत्तेचाळीस वर्षांचा झालास, कधी कुणाला एवढं मोठं वचन दिलं नव्हतंस."

मी म्हणालो, "गावाची सोय होईल."

"होईल ना," ती म्हणाली आणि उगाचच हसली.

६ मार्च

फिटरला गाठलं. पंप, इंजिन, सायकल, सगळं तोच दुरुस्त करतो. तो म्हणाला, होऊ शकतं. इंजिन जिथून हवा ओढतं त्या नळीत गॅस सोडायचा. पेटायला थोडं डिझेल लागेलच, पण पाच भागांतलं एक. होडीने आणलेल्या एका कॅनवर आठवडा निघेल. गॅस आधी लोखंडाच्या किसातून न्यायचा, नाहीतर तो इंजिनला आतून खाऊन टाकेल. मग फिटर हसला आणि म्हणाला, "बाईंसाठी करणार म्हणजे मन लावून करशील." फिटर चांगला माणूस आहे, पण त्याचं हसणं मला आवडत नाही.

शेण म्हशीवाल्या आप्पांकडे. बारा म्हशी आहेत. आप्पांना ऐकू कमी येतं, म्हणून निम्मं गाव मला काय हवंय ते ऐकून गेलं. त्यांनी दोन अटी घातल्या. गॅस काढून उरलेला चिखल त्यांच्याच शेतात जाईल, आणि गिरणी सुरू झाली की पहिलं दळण त्यांचं.

"आणि नाही झाली तर?" मी विचारलं.

"काय म्हणालास?"

मी पुन्हा विचारलं नाही.

११ मार्च

आजचा दिवस लाजिरवाणा. तीन दिवस बसून पिशवी शिवली. वीस फुटांची, दुहेरी शिलाई, कडेला गोट. आयुष्यात इतकं देखणं काम केलं नव्हतं. फिटरने पंखा लावून हवा भरली, बाईंनी साबणाचं पाणी लावलं. प्रत्येक टाक्यातून एक बुडबुडा आला. साडेपाच हजार टाके असतील. पिशवी अशी फेसाळली जणू दाढीला बसली आहे.

सत्तावीस वर्षं हा धंदा करतोय, आणि आज पहिल्यांदा लक्षात आलं की माझा धंदा म्हणजे भोकं पाडणं.

ताई पायरीवर बसून डोळे पुसेपर्यंत हसली. फिटरही हसला. बाई हसल्या नाहीत. एक बुडबुडा बोटाने फोडून म्हणाल्या, "शिलाई फार सुंदर आहे. एकही टाका वाकडा नाही." मग जरा थांबून, "म्हणूनच हवा इतकी सरळ रेषेत बाहेर येतेय."

आणि मग हसल्या. मीही हसलो. पोट दुखेपर्यंत. काम फसल्यावर इतकं हसणं बरं नव्हे.

१५ मार्च

शिलाई बंद. आता पट्ट्या एकमेकांवर ठेवून इस्त्रीने चिकटवतो आहे. इस्त्री कमी गरम झाली तर सुटतं, जास्त झाली तर जळतं. पहिल्या दिवशी ताईची इस्त्री कामातून गेली, तिच्या तळाला निळी ताडपत्री कायमची चिकटली. दुसरी बाईंनी आणून दिली. म्हणाल्या, "माझ्याकडे इस्त्री करावं असं काही नाही."

त्या रोज दोन-तीन तास येऊन पट्टी ताणून धरतात. मला इस्त्री फिरवताना बोलायची सवय नाही, पण आज इतका बोललो की घसा बसला. लहानपणी विहिरीत पडलो होतो तेही सांगितलं. ताईला ते माहीत नव्हतं, ती अजून रागात आहे.

१९ मार्च

खड्डा खणायला घेतला. वीस फूट लांब, पाच फूट रुंद, चार खोल. मला वाटलं होतं मी आणि फिटर दोघं आठ दिवस खणू. सकाळी पाहतो तर नऊ बायका घमेली-कुदळी घेऊन आप्पांच्या गोठ्यापाशी उभ्या. एकजण म्हणाली, "होडीत दळण भिजलं माझं काल. कुठे खणायचं ते सांगा." दुपारपर्यंत अर्धा खड्डा झाला.

एक गोष्ट मनाला लागून राहिलीय. बाई मला इतकी वर्षं 'भाऊ' म्हणायच्या. हल्ली म्हणतच नाहीत. नुसतंच 'अहो' म्हणतात. "अहो, घमेलं द्या." "अहो, उन्हात डोक्याला काहीतरी बांधा." माझ्या हातून काहीतरी चूक झाली असणार, त्याशिवाय माणूस असं तोडून बोलणार नाही. ताईला विचारलं. तिला चहाचा ठसका लागला, आणि बराच वेळ गेला नाही.

२४ मार्च

पिशवी खड्ड्यात बसली. आज ती भरली. आप्पांच्या उकिरड्यावरचं शेण, तेवढंच पाणी, ढवळून आत. अख्खा दिवस. संध्याकाळी आम्ही सगळे एकाच रंगाचे होतो. बाईंचे हात कोपरापर्यंत शेणाने भरले होते आणि त्या मला सांगत होत्या की पीठ असो की शेण, चांगलं झालं का ते फक्त बोटांना कळतं, गाठ राहिली की दोन्ही वाया. मी ऐकत होतो. वास येत असणार. आठवत नाही.

आता थांबायचं. फिटर म्हणतो पंधरा दिवस.

२ एप्रिल

पिशवी फुगली. नऊ दिवसांतच. पहाटे आप्पांनी आरोळी दिली, मी सदऱ्याची बटणं न लावता धावलो. वर आलेलं ते निळं पोट पाहून ऊर भरून आला. गाव जमलं. मी नळी काढली, काडी ओढली, जवळ नेली. काडी विझली. दुसरी, तीही विझली. पंधरा काड्या विझल्या. कुणीतरी मागून म्हणालं, "पेटवायला नको, विझवायला बरी आहे." लोक हसत पांगले.

मी तिथेच बसलो. आता वाटतं, माझ्यासारख्या माणसाने ताडपत्री सोडून दुसऱ्या कशाला हात घालू नये. एका बाईला आशा लावली आणि तिचे दिवस फुकट घालवले.

फिटर नंतर आला आणि म्हणाला, पहिला गॅस कधीच पेटत नाही, नुसती हवाच असते ती, सोडून द्यायची. "हे आधी सांगायचं ना," मी म्हणालो. तो म्हणाला, "तू बटणं लावेपर्यंत थांबला असतास तर सांगितलं असतं."

९ एप्रिल

पेटला.

आज कुणालाही बोलावलं नव्हतं. मी आणि बाई. भर दुपार. आधी काहीच दिसलं नाही, मला वाटलं पुन्हा तेच. बाईंनी ओंजळीने आडोसा केला तेव्हा दिसलं, निळं, अगदी फिकं. त्यांनी चहाचं भांडं आणलंच होतं. म्हणजे त्यांना खात्री होती, आणि मला नव्हती. आम्ही एकाच पेल्यातून चहा घेतला, कारण दुसरा पेला त्या आणायला विसरल्या. सगळं आठवणीने करणारी बाई, पेला कसा विसरली कोण जाणे.

घरी येताना पाय जमिनीवर नव्हते. डोकं हलकं, कानात गुणगुण. दाराच्या चौकटीला कपाळ आपटलं आणि तरी हसत होतो. हा गॅस डोक्यात गेलेला असणार. कुठेतरी गळती आहे.

१२ एप्रिल

काल आणि आज पिशवी दोन-दोनदा साबणाच्या पाण्याने तपासली. गळती नाही. चक्कर मात्र तशीच. गोठ्याकडे निघालो की सुरू होते, आणि बाई तिथे नसल्या की उतरते, त्यामुळे वाऱ्याच्या दिशेचाही काही संबंध असावा. फिटरला लक्षणं सांगितली. तो पाना खाली ठेवून हसला. त्याच्या बायकोला हाक मारून त्याने ती पुन्हा सांगायला लावली. तीही हसली. फिटरला बायको आहे हे मला माहीतच होतं, पण आज ती भेटल्यावर फिटर मला एकदम बरा वाटू लागला.

१७ एप्रिल

गोठा ते गिरणी चारशे पावलं. मध्ये रस्ता. एवढी नळी पूल बंद असताना मिळणार नाही. म्हणून मी गॅस वाहून न्यायला एक वेगळी पिशवी केली, खोलीएवढी उशीच म्हणा. गोठ्यावर भरायची, हातगाडीवर बांधायची, गिरणीत न्यायची.

आज ती पहिल्यांदा भरून काढली. मी पुढे, बाई मागे, मध्ये ही बया. रस्त्याच्या वळणावर वाऱ्याचा झोत आला आणि तिने हातगाडी सोडली. मी दोरी सोडली नाही. सोडायला हवी होती. एका वांग्याच्या वाफ्यातून, दोन कुंपणांतून आणि कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरींतून ती मला घेऊन गेली. मी पाय टेकायचो तेव्हा तिने पुढची झेप घेतलेली असायची. मागून बाई पळत होत्या आणि ओरडत होत्या, "अहो सोडा, अहो सोडा." शेवटी त्यांनी स्वतःलाच पिशवीवर झोकून दिलं. मीही पडलो. आम्ही दोघं त्या निळ्या उशीवर पालथे, आणि ती फुस्स करत खाली खाली बसत गेली. सगळा गॅस गेला. कुंपणाच्या तारेने हातभर फाटली होती.

बाईंच्या डोक्यावर कुणाची तरी चादर होती. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि इतकं हसलो की उठता येईना. वांग्यांचा मालक शिव्या द्यायला आला होता, तोही बसून हसला.

घरी आल्यावर हसू ओसरलं. तेरा दिवस राहिले.

२१ एप्रिल

बाई आल्या होत्या. ट्रंकेचं माप घेऊन. शहरात जाताना ट्रंक होडीत भिजू नये, म्हणून ताडपत्रीचं कव्हर हवंय. "तुमची पिशवी होईल दुरुस्त," म्हणाल्या. "पण नाहीच झालं वेळेत, तर तयारी असावी."

मी शिवायला बसलो. पहिलं कव्हर चार बोटं कमी पडलं. दुसरं जास्तच तोकडं झालं. तिसऱ्यात तर ट्रंकेचा एक कोपराही गेला नसता. सत्तावीस वर्षांत माझं माप चुकलेलं नाही. डोळे तपासून घ्यायला हवेत.

ताई तिन्ही तोकडी कव्हरं घेऊन बाईंकडे गेली. कशाला, ते सांगितलं नाही. तासाभराने आली. म्हणाली, "बाई म्हणाल्या, घाई नाही. चौथं शिवू नका."

२६ एप्रिल

हे सगळं नीट लिहायचं आहे, पण हात थरथरतोय, कारण सकाळपासून मी फक्त इंजिनचे हादरे खाल्लेत.

पिशवी दुरुस्त केली. या वेळी वर मंडपाची जाळी टाकली, आठ दोऱ्या, आठ बायका. वारा सुटायच्या आत, उजाडता उजाडता निघालो. आप्पा पुढे काठी घेऊन, जणू रस्त्यात हत्ती येतोय. पिशवी गिरणीच्या दारात शहाण्या म्हशीसारखी बसली. फिटरने नळी जोडली, हँडल मारलं. इंजिन खोकलं, गप्प झालं. पुन्हा मारलं, पुन्हा तेच. आप्पांनी तिसऱ्यांदा डोळे मिटले. फिटरने गॅसची तोटी जराशी फिरवली आणि हँडल मारलं, आणि इंजिन लागलं.

तीन महिने त्या खोलीत आवाज नव्हता. भिंतीवरची धूळ उडाली. बाईंनी पट्टा चढवला, जातं फिरलं, आप्पांचं धान्य तोंडातून आत गेलं आणि खालून पीठ आलं. बाईंनी ते चिमटीत घेऊन चोळलं. माझा हात ओढून माझ्या तळव्यावर ते ठेवलं. गरम होतं. जवळजवळ दोन तास दळण चाललं, बारा म्हशींच्या जोरावर. रांग रस्त्यापर्यंत. फिटर डिझेलच्या कॅनमध्ये काडी बुडवून प्रत्येकाला दाखवत होता, किती थोडं संपलं ते.

मध्येच बाई जात्याजवळून माझ्याकडे पाहून काहीतरी म्हणाल्या. त्या आवाजात ऐकू येणं शक्यच नव्हतं. मी मान हलवली. हो म्हणालो. आज मला कुणी काहीही विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

२७ एप्रिल

भंगारवाल्याला बाईंनी येऊ नका म्हणून निरोप धाडला.

पण गावाला झालंय काय? सकाळी पाणी भरायला गेलो तर बायका बाजूला सरून मला आधी भरू देत होत्या. वांग्यांच्या मालकाने टोपलीभर वांगी आणून दिली, "आता दोघांना होतील" म्हणाला. मला वाटलं मी आणि ताई. शेवटी आप्पा आले आणि मिठी मारून माझ्या कानात ओरडले, "छान केलंस. बाईमाणसाने भर गिरणीत विचारलं, आणि तू लगेच हो म्हणालास."

"काय विचारलं?"

"मला ओठ वाचता येतात. 'पत्करता ना मला?' म्हणाल्या."

मी मटकन मशीनवर बसलो, सुई टोचली तेही कळलं नाही. ताईकडे पाहिलं. ती बटण लावत होती. म्हणाली, "माझ्याकडे काय बघतोस? मला तर महिन्यापूर्वीच ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

तिने दोरा दाताने तोडला. "वही लिहितोस ना रोज? मग ती वाच एकदा."

दार लावून वाचली. पहिल्या पानापासून. वाचताना कान तापत गेले. हा जो माणूस लिहितोय त्याला मी रस्त्यात भेटलो असतो तर खांदे धरून हलवला असता. गळती म्हणे.

आता भीती ही, की आप्पांनी चुकीचं वाचलं असेल तर?

२८ एप्रिल

रात्रभर विचार केला, पण ठरलं ते सकाळी गिरणीत शिरल्यावरच. इंजिन चालू होतं. अठरा-वीस माणसं डबे घेऊन रांगेत. बाई जात्यापाशी. मी सरळ गेलो आणि इंजिन बंद केलं.

जे इंजिन चालवायला दोन महिने खपलो तेच मी माझ्या हाताने थांबवलं. फिटरने डोक्याला हात लावला. जातं फिरत फिरत थांबलं आणि इतकी शांतता झाली की पीठ पडल्याचा आवाज आला.

"परवा तुम्ही मला काय विचारलंत?" मी म्हणालो.

बाईंनी पदराने हात पुसले. "मी विचारलं, पट्टा करकरतो ना हा?"

रांगेतून कुणीतरी हुंकारलं. आप्पा शेजारच्याला विचारू लागले, काय म्हणाल्या, काय म्हणाल्या. मला वाटलं आता जमीन दुभंगावी. दाराकडे वळलोही होतो. पण बाई दुसरीकडे पाहत नव्हत्या. माझ्याकडेच पाहत होत्या, आणि कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"करकरतो," मी म्हणालो. "त्याला मेण लावतो. पण आप्पांनी जे वाचलं, ते मी तुम्हाला विचारलं तर?"

"मग विचारा की," त्या म्हणाल्या. "लोक खोळंबलेत."

मी विचारलं. आप्पांचेच शब्द वापरले, दुसरे सुचले नाहीत. आवाज चिरकला, तरी शेवटपर्यंत विचारलं.

त्यांनी मान हलवली नाही, खाली घातली नाही, लाजल्याही नाहीत. तोंडाने, रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं, "हो" म्हणाल्या. आप्पांनासुद्धा ऐकू गेलं.

मग फिटरकडे वळून म्हणाल्या, "हँडल मारा." इंजिन लागलं. मी पट्ट्याला मेण लावलं. गॅस संपला तेव्हा रांगेतल्या दोघांचं दळण राहिलं होतं. त्यांना उद्या सकाळी पहिला नंबर दिला आहे.